‘आम्ही’ आणि हातातले घड्याळ

येवगेनी झाम्यातिन हा जहाजे बांधणारा रशियन इंजिनिअर. १९०५ साली बोल्शेव्हिकांबरोबर राहून त्याने झारचा तुरुंगही पाहिला. १९२०-२१ मध्ये त्याने ‘आम्ही’ ही कादंबरी लिहिली. तीत माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत, घरे काचेची, उठणे, जेवणे, फिरणे सारे वेळापत्रकाबरहुकूम. आणि त्या राज्याचा थोर पुरुष कोण, तर अमेरिकेचा टेलर, कामगाराची हालचाल घड्याळ लावून मोजणारा! मशीनमागे घड्याळ घेऊन उभा राहणारा साहेब मी कारखान्यात पाहिला आहे; मला हे पुस्तक परके वाटले नाही. १९१८ मध्ये खुद्द लेनिनने टेलरची पद्धत शिकून घ्या म्हटले होते, हेही विसरू नये.

सोव्हिएत सत्तेने पुस्तक छापू दिले नाही. १९२४ साली ते न्यूयॉर्कला इंग्रजीत निघाले. १९३१ मध्ये स्टालिनला पत्र लिहून झाम्यातिनने देश सोडण्याची परवानगी मिळवली. १९३७ साली तो पॅरिसला वारला.

आमचेच काही सोबती म्हणतात, शत्रूच्या हाती कोलीत कशाला? मी विचारतो, राज्य चालवायला लायक ठरलेल्या कामगाराला एका कादंबरीचा निवाडा करता येत नाही काय? रशियन कामगाराला ती आपल्या देशात छापलेली मिळायला १९८८ साल उजाडले.