नळीने भरवताना

घरच्या माणसांना जेवू घालणं आम्हा बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. पण आजारी माणसाच्या नाकात नळी आणि आपल्या हातात सिरिंज आली, की भल्याभल्या सुगरणींचा हात थरथरतो.

आपल्या शहरातल्या घाटी रुग्णालयात आणि शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाडाभरातून रुग्ण येतात. कुणाला तंबाखू-गुटख्यापायी तोंडाचा कर्करोग, कुणाला पक्षाघात. घास गिळता येत नाही, म्हणून नाकातून पोटापर्यंत नळी घालतात. तिला 'राइल्स ट्यूब' म्हणतात. वॉर्डात सिस्टर सगळं करतात. डिस्चार्ज झाला, की ते काम बायकोवर नाहीतर सुनेवर येतं.

मैत्रिणींनो, यात खरा धोका एकच. अन्न पोटाऐवजी फुप्फुसात गेलं, तर न्यूमोनिया होऊन जिवावर बेततं. म्हणून प्रत्येक वेळी आधी नळीवरची नाकाजवळची खूण बघा. खूण सरकली असेल किंवा नळी बाहेर आली असेल, तर काहीही देऊ नका. ती स्वतः आत ढकलू नका, दवाखाना गाठा.

एक ताई मला म्हणाल्या, "नळीनेच तर जातंय, मग झोपलेल्याला कशाला उठवायचं?" अहो, आडवं ठेवलं तर पोटातलं वर येतं आणि श्वासनलिकेत उतरतं! पाठीला उशा लावून निदान अर्धवट बसतं करा आणि भरवल्यावरही तासभर तसंच ठेवा. सिरिंजचा दट्ट्या काढून ती उंच धरा, पातळ अन्न आपोआप हळूहळू उतरू द्या. एका वेळी किती द्यायचं, ते डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. आधी आणि नंतर थोडं स्वच्छ पाणी सोडा, म्हणजे नळी तुंबत नाही. गोळ्या कुटून देण्याआधी मात्र विचारा, काही गोळ्या कुटायच्या नसतात. भरवताना ठसका लागला, दम लागला, ओठ निळे पडले, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांकडे न्या.

नुसत्या चहावर आणि वरणाच्या पाण्यावर माणूस खंगतो. दूध, नाचणीची पेज, शिजवून बारीक वाटलेली डाळ, सगळं गाळून, ताजं आणि कोमट द्यावं. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल, तर आहारतज्ज्ञांकडून तक्ता लिहून घ्यावा. तोंडाने खात नसले, तरी दिवसातून दोन-तीनदा तोंड स्वच्छ करावं.

सिस्टरना उसंत नसते, हे खरं. तरीही, "सिस्टर, आजचं फिडिंग मी तुमच्यासमोर करते, चुकलं तर सांगा," असं म्हणायला लाजू नका. डिस्चार्जच्या आधी दोन-तीनदा हात बसू द्या आणि अडचण आली तर कुठे फोन करायचा, तो नंबर घ्या. सोबत घरातल्या मुलालाही उभं करा. रात्रंदिवसाचं हे काम एकट्या बाईच्या अंगावर का असावं?

आणि हो, भरवताना दोन शब्द बोला. चव गेली असली, तरी जेवायला कुणी जवळ बसलंय, एवढं त्या माणसाला नक्कीच कळतं.