वैशाखातली करवंदं, श्रावणातलं फ्रूट सॅलड

मे महिन्यात मुळशी तालुक्यातल्या पौडच्या पुढे ताम्हिणीकडे निघालात की रस्त्याच्या कडेला करवंदांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका दिसतात. डोंगरची काळी मैना पानाच्या द्रोणातून विकली जाते. जांभळं जरा मागून येतात, फणस त्यांच्या आगेमागे. मृगाचा पाऊस लागला की करवंद पाणचट होतं, जांभळाला अळी लागते आणि पाट्या उठतात. मग जुलैत धबधबे कोसळू लागतात. ताम्हिणी हे राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक, त्यामुळे शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. त्या गर्दीला रस्त्यावर मिळतं काय, तर भाजलेलं कणीस, कांदाभजी आणि चहा. मुळशीचं फळ आणि मुळशीचं गिऱ्हाईक यांची चुकामूक होते ती अवघ्या सहा-आठ आठवड्यांनी.

दुपारी हीच मंडळी मुळशी धरणाकाठच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये जेवायला बसतात. गोडाच्या टेबलावर फ्रूट सॅलड असतंच. त्यात सफरचंद, डब्यातला अननस आणि लालभडक रंगवलेली चेरी. चार किलोमीटरवरच्या रानातलं एकही फळ त्या काचेच्या भांड्यात नसतं, कारण श्रावणात करवंद आणणार कुठून? उत्तर सोपं आहे: फ्रीझरमधून. पण गोठवलेल्या फळाचं फ्रूट सॅलड करायचं तर ताज्या फळाच्या सवयी बाजूला ठेवाव्या लागतात, आणि बहुतेकांचं बिघडतं ते तिथेच.

फळ म्हणजे मुख्यतः पाणी. केळ्यात ते पाऊण भाग, आंब्यात ऐंशी टक्क्यांच्या वर, कलिंगडात नव्वदच्याही पुढे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये फुटते ती यामुळेच. फळाच्या पेशीत हेच घडतं. उणे एक ते उणे पाच अंश सेल्सिअस या टप्प्यात बहुतेक पाण्याचा बर्फ होतो. हा टप्पा रेंगाळत पार झाला तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. झटकन पार झाला तर स्फटिक बारीक राहतात आणि फळ बऱ्यापैकी सावरतं. क्लॅरेन्स बर्ड्झआय हा अमेरिकन माणूस १९१२ नंतर काही वर्षं आजच्या कॅनडातल्या लॅब्राडोरला होता. तिथल्या इनुइट लोकांनी कडाक्याच्या थंडीत पकडलेला मासा क्षणात गोठतो आणि महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागतो, हे त्याने पाहिलं. पुढे त्याने झटपट गोठवण्याची यंत्रं बनवली आणि १९३० साली अमेरिकेतल्या दुकानांत गोठवलेल्या अन्नाची पाकिटं आली. आज कारखान्यात फळाच्या फोडी थंडगार हवेच्या झोतात सुट्या-सुट्या गोठवतात. आपल्या घरी तो झोत नसतो, पण युक्ती तीच वापरता येते. फोडी कोरड्या करून स्टीलच्या ताटात एकमेकींना न चिकटता पसरायच्या, ताट फ्रीझरमध्ये ठेवायचं आणि टणक झाल्या की पिशवीत भरून हवा दाबून काढायची. किलोभर फोडी एकदम डब्यात कोंबल्या तर मधल्या फोडी गोठायला रात्र जाते आणि बर्फ सुटल्यावर त्यांचा लगदा होतो.

सगळीच फळं या वाटेने जात नाहीत. कलिंगड आणि खरबूज सोडूनच द्या. केळं गोठतं, पण सुटल्यावर काळं आणि गिळगिळीत होतं. ते शिकरणात कुस्करायला ठीक, फोडी म्हणून वाढायला नाही. हापूस छान टिकतो, पायरीचा मात्र रसच गोठवावा. फणसाचे गरे गोठवायचे तर कापा फणस हवा. बरका आधीच लिबलिबीत, तो साठं घालायला बरा. डाळिंबाचे दाणे तर गोठवलेत की ताजे हे सांगावं लागतं. करवंदं पूर्ण पिकलेली, काळी घ्यावीत. अर्धीकच्ची असली तर चीक ओठाला चिकटतो आणि थंडीने तो जात नाही. जांभळं अख्खी ठेवली तर जागा खातात. ती हाताने कुस्करून चाळणीवर घासावीत, गर खाली, बिया वर, आणि गराला थोडी साखर लावून तो बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा. साखरेने रंग टिकतो आणि गर दगडासारखा कडकही होत नाही. आंब्याच्या फोडींनाही किलोला शंभर ग्रॅम साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस चोळला तर फायदाच होतो.

या सगळ्यांत खरा मानकरी सीताफळ. ते मुळशीचं नव्हे, शेजारच्या पुरंदरचं. सासवडच्या बाजारात पावसाळ्याच्या उत्तरार्धात सीताफळांचे ढीग लागतात आणि पिकलेलं फळ दोन दिवसांत हातातून जातं. आंब्याचा रस उकळून डब्यात भरता येतो. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, त्यामुळे डबाबंद करण्याचा नेहमीचा रस्ता त्याला बंदच. म्हणून तो कच्चाच, बिया काढून गोठवला जातो, आणि पुण्यात उन्हाळ्यातल्या लग्नात सीताफळ रबडी वाढली जाते ती या गोठवलेल्या गरावर. ती चापून खाणारे लोक ‘फ्रोझन’ शब्द ऐकला की नाक मुरडतात, ही एक गंमतच आहे.

आता प्रत्यक्ष फ्रूट सॅलड. मराठी घरात याचा अर्थ दुधातलं, कस्टर्डचं. कस्टर्ड पावडरीचा जन्म बर्मिंगहॅमचा. आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने १८३७ साली ती बनवली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. अंडं नाही, नुसतं मक्याचं पीठ, रंग आणि वास. आपल्या शाकाहारी पंगतीला ते आपसूकच मानवलं. पुण्यात तर वेकफील्ड ही कस्टर्ड पावडरची कंपनी १९५६ पासून आहे. त्यामुळे सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुरी-भाजी आणि फ्रूट सॅलड हा बेत कार्यालयांत रुळला यात नवल नाही.

ताज्या फळांसाठी लिटरभर दुधाला तीन चमचे पावडर पुरते. गोठवलेलं फळ सुटताना पाणी सोडतं, म्हणून इथे चार चमचे घ्या आणि कस्टर्ड जरा दाटच ठेवा. साखर नेहमीपेक्षा किंचित जास्त, कारण थंड पदार्थ जिभेला कमी गोड लागतो. चिमूटभर मीठ विसरू नका. कस्टर्ड पूर्ण गार झाल्याशिवाय फळाला हात लावायचा नाही. आंबा आणि गरे आदल्या रात्री बाहेर काढून ठेवण्याची घाई करू नये. वाढण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीवर ठेवले की पुरे. खाली जमलेला रस फेकायचा नाही, तोच कस्टर्डमध्ये घोटायचा. फोडी मधोमध अजून थोड्या कडक असतानाच मिसळायच्या. पूर्ण सुटलेली फोड मऊ पडते, अर्धी सुटलेली दाताखाली कुरकुरते. तोंडाला चावायला काहीतरी हवं म्हणून ताजं केळं आणि डाळिंब अगदी शेवटी. करवंद आणि जांभूळ मात्र दुधात ढवळू नका. जांभळाचा जांभळा रंग आंबटपणात लालसर खुलतो आणि दुधात मळकट, राखाडी होतो. शिवाय त्याचा तुरटपणा दुधाची चव मारतो. वाटीत कस्टर्ड घालून वरून चमचाभर गर सोडा. दिसायलाही सुरेख.

अननसाबद्दल वेगळं सांगायला हवं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि कस्टर्ड तासाभरात कडू आणि पातळ होतं. डब्यातला अननस चालतो, कारण तो तापवलेला असतो. गोठवल्याने हे विकर मरत नाही, नुसतं झोपतं, सुटलं की कामाला लागतं. तेव्हा गोठवलेला अननस घालायचाच तर साखरेत पाच मिनिटं शिजवून, गार करून घाला. पपईचंही थोडंफार तसंच. दूध आणि आंबट फळं एकत्र खाऊ नयेत असं चरकसंहिता सांगते. ज्यांना ते पाळायचं आहे त्यांनी जांभूळ-करवंदाचा गर नुसताच, मीठ-साखर लावून खावा; तोही कमी नाही.

थंडी म्हणजे स्वच्छता नव्हे, हे ठासून सांगितलं पाहिजे. गोठवल्याने जंतूंची वाढ थांबते, जंतू मरतात असं नाही. २०१५ साली ऑस्ट्रेलियात आयात केलेल्या गोठवलेल्या बेरींमधून हेपॅटायटिस ए, म्हणजे कावीळ, पसरली होती. जांभळं झाड हलवून खाली पाडतात, करवंदं रानातून पाटीत येतात. म्हणून गोठवण्याआधी पिण्याच्या पाण्याने दोनदा धुणं आणि स्वच्छ हात, यांत सवलत नाही. फ्रूट सॅलडमधलं फळ शिजत नाही, त्यामुळे नंतर दुरुस्तीची संधी नसते. आणि एकदा सुटलेलं फळ पुन्हा गोठवायचं नाही.

इथे मुळशीची जुनी सल आठवते. गोठवलेला माल उणे अठरा अंशांवर राहिला पाहिजे, आणि त्यासाठी अखंड वीज हवी. वीज हे मुळशीच्या इतिहासातलं दुखरं पान. मुंबईच्या विजेसाठी टाटांचं धरण होणार म्हणून इथल्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह मांडला आणि त्यातून पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापती’ झाले. जमिनी पाण्याखाली गेल्याच. ते पाणी आजही घाटाखाली भिऱ्याला उतरून वीज करतं. आणि वादळी पावसात तारा तुटल्या की धरणाकाठच्याच वाड्या-वस्त्या अंधारात बसतात. गावात डीप फ्रीझर ठेवायचा तर ही अडचण धरूनच चाललं पाहिजे. भरलेला, झाकण न उघडलेला पेटीसारखा डीप फ्रीझर साधारण दोन दिवस थंडी धरून ठेवतो. अर्धा रिकामा असेल तर निम्माच वेळ. जागा उरली तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात. फळात अजून बर्फाचे कण असतील तर ते लगेच शिजवून जॅम किंवा सरबताला लावता येतं. पूर्ण मऊ, कोमट झालं असेल तर टाकून द्यावं.

करवंदं विकणाऱ्या बायकांनीच फळं गोठवून विकायची तर भांडवल हवं. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०२० साली आणलेल्या योजनेत यंत्रसामग्रीच्या खर्चावर ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये अनुदानाची आणि बचत गटातल्या प्रत्येक सदस्याला ४० हजार रुपये बीजभांडवलाची तरतूद केली गेली. एक डीप फ्रीझर, एक वजनकाटा आणि पिशव्या सील करायचं यंत्र यांपलीकडे या धंद्याला सुरुवातीला फार लागत नाही. अन्न परवाना घेणं मात्र टाळू नये, रिसॉर्टवाले त्याशिवाय माल घेणार नाहीत. अडतं ते दुसऱ्याच टोकाला. जून उजाडण्याआधी कुणीतरी ‘तुमचा पन्नास किलो गर मी घेतो’ असं म्हणायला हवं, नाहीतर पाटी घेऊन बसणारी बाई फ्रीझरचे हप्ते कशाच्या भरवशावर घेणार?

तेव्हा मुळशीतल्या हॉटेलवाल्यांना एवढंच सांगणं आहे: यंदा मे महिन्यात ताम्हिणीच्या रस्त्यावर एकदा गाडी थांबवा, करवंदं-जांभळांचा भाव विचारा आणि श्रावणासाठीची मागणी तिथेच, आगाऊ पैसे देऊन नोंदवा.