फोटो आपला नव्हे, त्या मुलाचा



गेल्या दिवाळीनंतर धडगाव तालुक्यातल्या एका आईने आपल्या मुलाला आमच्या वसतिगृहातून घरी नेले. जेवणाची तक्रार नव्हती, अभ्यासाचीही नव्हती. मुलगा पहिल्या दिवशी आला तेव्हाचा, फाटक्या सदऱ्यातला फोटो आम्ही फेसबुकवर टाकला होता. तो फिरत फिरत सुरतेला बांधकामावर असलेल्या त्याच्या मामाच्या मोबाइलवर पोहोचला. “मी मुलाला शिकायला पाठवलं की भीक मागायला?” असे ती माऊली विचारत होती. माझ्याकडे उत्तर नव्हते. फोटो मीच निवडला होता.

आपले पान आपलीच माणसे पाहतात, ही माझी पहिली चुकीची समजूत. सातपुड्याच्या पाड्यांतही आता मोबाइल आहेत. ज्यांच्याविषयी आपण लिहितो, तेही वाचतात.

“मग फक्त मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटात टाका,” असे कोणी सुचवते. एका गटात १,०२४ जण असू शकतात, आणि त्यातल्या कोणी फोटो पुढे पाठवला की तो आपल्या हातात राहत नाही. ‘सर्वांसाठी हटवा’ दाबले तरी पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. आम्ही एका बाळाच्या शस्त्रक्रियेसाठी आवाहन केले होते. त्यावर तारीख घालायची राहिली. बाळ बरे होऊन अंगणात धावू लागले, तरी आवाहन फिरतेच आहे आणि लोक फोन करून विचारतात.

रोज काहीतरी टाकले की मदत वाढते, हीही समजूत आहे. पानाला जोडलेल्या प्रत्येकाला फेसबुक प्रत्येक मजकूर दाखवत नाही. कोणाला काय दिसावे हे त्यांची यंत्रणा ठरवते. अंगठा दाखवणारे पुष्कळ असतात. आमचे नियमित देणगीदार मात्र बहुतेक करून एकदा येऊन मुलांबरोबर जेवून गेलेलेच आहेत.

सर्वांत अवघड प्रश्न संमतीचा. प्रवेश अर्जावर पालकाने अंगठा उठवला म्हणजे फोटोला परवानगी मिळाली, असे आम्ही धरून चाललो होतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ चौकशीच्या वा न्यायालयीन प्रकरणातील मुलाचे नाव, शाळा, छायाचित्र अशी ओळख पटवणारी माहिती प्रसिद्ध करण्यास मनाई करते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वसतिगृहातले प्रत्येक मूल त्यात येत नाही, हे खरे. पण कायदा आडवा येत नाही म्हणून आईला विचारायचेच नाही का? मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली गुप्त दानाची शिकवण मी नेहमी देणाऱ्यासाठीच समजावून सांगत आलो. तिने घेणाऱ्याचीही लाज राखली जाते, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आले नव्हते.

आता फोटो टाकण्याआधी आम्ही तो पालकांना मोबाइलवर दाखवतो, कुठे टाकणार तेही सांगतो. नाही म्हणाले तर विषय संपला. चेहऱ्याऐवजी हातपंप, वर्ग, शेत यांचे फोटो घेतो. पाड्याचे नाव लिहीत नाही.

तो फोटो काढून टाकल्याचे सांगायला मी पाड्यावर गेलो. मुलगा होळीनंतर परत येईल, असे आई म्हणाली. निघताना तिने विचारले, त्याचा चांगल्या कपड्यातला एखादा फोटो आहे का, घरात लावायला? आजवर आम्ही तिला एकही दिला नव्हता.