पथ्य आणि प्रत्याख्यान

सोलापूरच्या सखाराम नेमचंद ग्रंथमालेने १९४० मध्ये ‘कल्याणकारक’ हा संस्कृत वैद्यकग्रंथ पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. ग्रंथकर्ते उग्रादित्याचार्य हे नवव्या शतकातील दिगंबर मुनी, श्रीनंदी आचार्यांचे शिष्य. जैन परंपरा वैद्यकाचे मूळ दृष्टिवादातील ‘प्राणावाय’ पूर्वात मानते. त्याच परंपरेत राहून आचार्यांनी २५ परिच्छेदांत चिकित्साशास्त्र मांडले, आणि तेही मद्य, मांस व मधु यांना औषधात स्थान न देता. ग्रंथाला जोडलेल्या हिताहित अध्यायात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या सभेत विद्वान वैद्यांसमोर औषध म्हणूनही मांस निरुपयोगी कसे, याचे त्यांनी केलेले विवेचन आहे.

हा ग्रंथ आज किती दवाखान्यांत उघडला जातो, हा प्रश्न वेगळा. त्यामागचा विचार मात्र जुना झालेला नाही. रुग्णाचा धर्म व त्याचे नियम हे उपचाराच्या वाटेतील अडथळे नव्हेत. ते त्या रुग्णाचाच भाग आहेत आणि चिकित्सा ते धरूनच व्हावयास हवी.

आयुर्वेदाच्या मूळ पद्धतीत याला पूर्ण वाव आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात रुग्णाची दहा अंगांनी परीक्षा सांगितली आहे : प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. यात रोगाशी थेट संबंध फक्त विकृतीचा. उरलेली नऊ अंगे माणसाविषयीची आहेत. सात्म्य म्हणजे अंगवळणी पडलेला, शरीराला मानवणारा आहारविहार. पिढ्यान्‌पिढ्या सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरातील व्यक्तीचे सात्म्य निराळे. सत्त्व म्हणजे मनाचे बळ. अठ्ठाई सहज पार पाडणाऱ्या श्राविकेचे सत्त्व शेजारणीपेक्षा निराळे असणारच.

समजा, आम्लपित्ताची तक्रार घेऊन दोघे एकाच दिवशी आले. एक पेठेतील व्यापारी. दुकान रात्री नऊला बंद होते, जेवण साडेदहाला, आणि दिवसभर चहावर चहा. दुसरी वर्षानुवर्षे चौविहार करणारी गृहिणी. नुकतीच आयंबिलाची ओळी झालेली, म्हणजे नऊ दिवस तूप-तेल-दूध-दह्याविना एकवेळचे रूक्ष अन्न. जळजळ दोघांनाही छातीतच होते, पण पहिल्याला जेवणाची वेळ बदलावी लागेल आणि दुसरीला हळूहळू स्निग्धता परत द्यावी लागेल. दोघांच्या हाती एकाच चूर्णाची पुडी ठेवणारा वैद्य वेळ वाचवतो, एवढेच. चांगल्या वैद्याच्या पहिल्या भेटीला अर्धा-पाऊण तास लागतो तो याचसाठी.

औषधाच्या निवडीत तर ही विचारपूस अटळ ठरते. खोकल्यावरील कित्येक चूर्णे मधाबरोबर सांगितली जातात. मध वर्ज्य असणाऱ्याला ती तुपाबरोबर किंवा कोमट पाण्याबरोबर देता येतात. आसव-अरिष्टांत किण्वनाने आपोआप मद्यार्क तयार होतो आणि बाटलीवर त्याचा उल्लेखही असतो. दशमूलारिष्टाऐवजी दशमुळांचा काढा देणे हा सरळ मार्ग. शंखभस्म, कपर्दिकभस्म, मौक्तिक, प्रवाळ, शृंगभस्म ही प्राणिज द्रव्ये. उलट गोदंती भस्माचे नाव ऐकून अनेक जण दचकतात, पण ते जिप्सम या खनिजापासून बनते. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज, असते, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. कंदमुळांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बहुतेक घरांत आले चालत नाही, सुंठ चालते; ओली हळद वर्ज्य, वाळलेली मान्य. लसूण असलेली वटी अनेकांना नको असते. अश्वगंधा-शतावरीच्या मुळांबाबत घराघरांत रीत वेगळी, म्हणून विचारणे हाच उपाय.

औषधाच्या वेळांचेही तसेच. रात्री झोपताना त्रिफळा घ्या, असे सांगणे सोपे. चौविहार पाळणाऱ्याने ते ऐकून मान डोलवायची आणि घरी जाऊन पुडी तशीच ठेवायची, हे नेहमीचे. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे मुखात काही नाही. तेव्हा पहाटेचे औषधही गेले. वैद्याला हे ठाऊक असेल तर तो मात्रा दिवसाच्या प्रकाशात बसवतो. चातुर्मासात उकळलेले पाणी पिण्याची प्रथा आणि आयुर्वेदाने वाखाणलेले उष्णोदक यांचे मात्र छान जुळते.

खरा धोका आहे तो न सांगण्यात. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात मधुमेह, रक्तदाब यांची औषधे परस्पर बंद करणारी ज्येष्ठ मंडळी घरोघरी आहेत. तपात व्यत्यय नको, डॉक्टर रागावतील, सून काळजी करील, अशी कारणे असतात. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. इन्सुलिन अचानक थांबवले तर ती भयंकर चढू शकते. म्हणून उपवास तिविहार आहे की चौविहार, म्हणजे दिवसा उकळलेले पाणी चालणार की तेही नाही, हे वैद्याने विचारलेच पाहिजे. मुतखड्याच्या रुग्णाच्या बाबतीत या एका प्रश्नावर पुष्कळ काही अवलंबून असते. इन्सुलिन वा गोळ्यांचा निर्णय त्या देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच व्हावा. हे स्पष्ट सांगणारा वैद्य आपल्या शास्त्राला कमीपणा आणीत नाही.

आणि प्रत्याख्यानात तरी एवढी कठोरता कुठे आहे? उपवासाच्या पच्चक्खाणात जे आगार, म्हणजे सवलती, उच्चारले जातात, त्यांत ‘सव्वसमाहिवत्तियागार’ आहे. तीव्र व्याधीने समाधी ढळू लागली तर ती सावरण्यापुरते औषध घेतल्याने पच्चक्खाण भंगत नाही, असा त्याचा आशय. रोज कानांवर पडणारा हा शब्द आजारपणात मात्र आठवत नाही. वैद्याने तो जाणून घेतला, किंवा घरातील कोणी गुरुमहाराजांना विचारून आले, तर आजीबाईंचा हट्ट दटावण्यापेक्षा लवकर विरघळतो.

पारण्याची वेळही अशीच विचारपूर्वक सांभाळावी लागते. पंचकर्मानंतर आयुर्वेद संसर्जनक्रम सांगतो : आधी पेया, मग विलेपी, नंतर मुगाचे यूष, आणि अग्नी सावरेल तसतसे नित्याचे अन्न. अठ्ठाईच्या पारण्याला जैन घरांत मुगाचे पाणी दिले जाते, त्यामागे हाच विवेक आहे; बिघडते ते पाहुण्यांच्या आग्रहाने आलेल्या मिठाईने. वर्षीतपाचे पारणे तर अक्षय तृतीयेला उसाच्या रसाने होते. तपस्वी मधुमेही असेल, तर रस किती घ्यावा, त्या दिवशी साखर कितीदा तपासावी आणि गोळी केव्हा घ्यावी, हे पारण्याची पत्रिका छापण्याआधीच वैद्य व डॉक्टर या दोघांना विचारून घ्यावे.