आदल्या रात्री भिजवलेली चियाची खीर

बंगळुरूसारख्या महानगरात कामासाठी पहाटेच घर सोडणाऱ्यांची न्याहारी राहून जाण्याचा संभव असतो. आदल्या रात्री करून ठेवता येणारी चियाची खीर हा त्यावरील एक सोपा उपाय होय. मूळच्या मेक्सिको-ग्वाटेमालातील हे पीक म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या प्रयत्नांतून कर्नाटकातील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. याच्या 100 ग्रॅम बियांत सुमारे 34 ग्रॅम तंतुमय पदार्थ व 17 ग्रॅम प्रथिने असतात.

कपभर दुधात तीन मोठे चमचे बिया ढवळाव्यात. दहा मिनिटांनी पुन्हा ढवळणे आवश्यक, अन्यथा गुठळ्या होतात. बी आपल्या वजनाच्या सुमारे दहापट पाणी शोषून भोवती बुळबुळीत आवरण धरते. त्यामुळे फ्रीजमध्ये रात्रभरात खीर आपोआप दाटते, शिजवावी लागत नाही. बदाम, अक्रोड किंवा भाजलेल्या शेंगदाण्यांची भरड मात्र सकाळीच घालावी, म्हणजे ती कुरकुरीत राहते. कोरड्या बिया गिळून वर पाणी पिणे धोक्याचे आहे, कारण त्या अन्ननलिकेत फुगून अडकू शकतात.

चिया महाग वाटल्यास विदर्भातला जवस आहेच. ओमेगा-3 मेदाम्लांच्या बाबतीत तो मुळीच उणा नाही. फक्त तो भाजून कुटावा लागतो, कारण अख्खा जवस बराचसा न पचताच बाहेर पडतो.