थंडीची रात्र आणि शेगडीचा निखारा

चंद्रपूर-गडचिरोली म्हटले की उन्हाळाच आठवतो. परंतु पौषातल्या रात्री रानालगतच्या घरांत हुडहुडी भरते, हे आपण सारे जाणतो. अशा वेळी कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावण्याचा मोह होतो. धूर नाही म्हणजे भय नाही, ही समजूत मात्र घातक होय.

निखाऱ्याला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड वायू अधिकच निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेला माणूस तर उठतच नाही. शेगडीजवळ पाण्याचे भांडे ठेवूनही भागत नाही. हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही.

मग करावे काय? खोली तापविण्यापेक्षा माणसाची ऊब राखावी. हिवाळ्यातील सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणून दक्षिणेची खिडकी दिवसा उघडी ठेवून ऊन आत घ्यावे व सायंकाळी लावावी. कुडाच्या फटी मातीने लिंपाव्या. अंथरुणाखाली धानाचे तणस पसरावे. त्यात कोंडलेली हवा जमिनीचा गारवा अडविते. चुलीजवळ तापविलेली वीट, हाताला सोसेल इतकी निववून व फडक्यात गुंडाळून, पायांशी ठेवावी. यास खर्च जवळजवळ नाही.

शेकोटी अंगणातच शोभते. शेगडीच्या खोलीत कोणाचे डोके दुखू लागले, तर त्याला प्रथम मोकळ्या हवेत आणावे व तत्काळ डॉक्टरांना गाठावे.