धास्तीचं गिऱ्हाईक

मुलांच्या पौष्टिक पेयाची जाहिरात एकदा नीट पाहावी. तिथं मूल गिऱ्हाईक नसतंच. गिऱ्हाईक असते आईबापांची धास्ती. शेजारचं पोर उंच झालं, तुमचं मागं राहिलं, एवढं सुचवलं की पुरे. पुढचं काम धास्तीच करते.

बँकेतल्या नोकरीनं मला एक सवय लावली : ठळक अक्षरांतल्या वचनाआधी बारीक अक्षरांतली अट वाचायची. 'उंच, बळकट, हुशार' असं वचन देणारी हॉर्लिक्सची जाहिरात २००८ मध्ये ब्रिटनमध्ये दिसली, तेव्हा तिथल्या जाहिरात नियामकानं तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. तरी शब्द खपत राहिला. अखेर एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन दुकानांना बोर्नव्हिटासारखी पेयं त्या वर्गातून काढायला सांगितली. आदल्या डिसेंबरात बोर्नव्हिटाच्या १०० ग्रॅममधली वरून घातलेली साखर ३७.४ वरून ३२.२ ग्रॅमवर आणली गेली होती. म्हणजे तरीही जवळजवळ तिसरा हिस्सा साखरच.

जीवनसत्त्वं खोटी नव्हेत. पण ती लागतात चिमूटभर. अ आणि ड तर शरीरात साठून राहतात. 'जास्त तितकं चांगलं' हा हिशेब इथं चालत नाही. वरणभात, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू यांच्यामागं जाहिरात नाही, एवढंच त्यांचं उणं.

पोटाला चिमटा घेऊन चालणाऱ्या घरात मात्र डबा येतो आणि दुधात पाणी वाढतं. त्या घराचा हिशेब कुठल्या जाहिरातीत दिसत नाही.